'व्हाउचर स्पेसिमन'ला मराठीत काय म्हणावं?

माळरान: जैवविविधता कायद्यावर गावच्या समित्यांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय आणि कलम ३९ला अडलेय. कुणालाही नवी प्रजाती सापडली तर सरकारने नेमलेल्या संस्थेला कळवायचं आणि व्हाउचर स्पेसिमन, म्हणजे नोंदीचा पुरावा म्हणून जपलेला प्राणी किंवा वनस्पती, तिथे जमा करायचा, असं २००२च्या कायद्यात आहे. मी सरळ 'नमुना' लिहिलं. एका समितीत वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, "ताई, कुठला नमुना, आठ का सात?" त्यांचं काही चुकलं नाही, गावात नमुना म्हणजे ग्रामपंचायतीचा नाहीतर तलाठ्याचा कागद. मग काय लिहू?

जुनी वही: आधी प्रजाती सुधारा. विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या स्पीशीजचा गट, आणि स्पीशीजला जाती. पेपरवाल्यांनी घोळ घातलाय म्हणून आपण घालू नये. बाकी 'प्रमाण-नमुना' लिहा.

भातखाचर: जाती लिहिलं तर गावात वेगळंच ऐकू येईल हो, आता प्रजातीच रुळलंय. आणि प्रमाण-नमुना नको, प्रमाण म्हटलं की सगळ्यांत चांगला, आदर्श असं वाटतं. व्हाउचर साधा, फाटक्या पानाचासुद्धा असू शकतो, फक्त नोंद कशावरून केली ते दाखवायला जपलेला. नव्या प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो टाइप, त्याला 'प्ररूप' आहे. दोन्ही एक करू नका.

जुनी वही: नमुना फारसी, व्हाउचर इंग्रजी, मग मराठीत उरलं काय?

माळरान: नमुना फारसी असला तरी आजीच्या तोंडी होता, तो परका कसा? मला 'साक्षी-नमुना' सुचतंय.

तापीकाठ: साक्षी एकदम बरोबर, कारण साक्ष खोटीही असू शकते. आमच्या खानदेशातल्या रानपिंगळ्याचं, त्या छोट्या घुबडाचं घ्या. १८८४नंतर पक्कं कुणाला दिसला नव्हता, पण मधे १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा असं लिहिलेला एक जपलेला पक्षी मायनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईनं तपासलं तर तो ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला निघाला, डेव्हिडसन या जुन्या ब्रिटिश संग्राहकानं इकडेच खानदेशात मिळवलेला, वर नवी चिठ्ठी लावलेली. त्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून आधीच्यांनी भलतीकडे शोधलं. तिनं ती जागा सोडून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७मधे शहाद्याजवळ पक्षी सापडला, ११३ वर्षांनी. म्हणजे कातडं नाही, चिठ्ठी महत्त्वाची, आणि पुस्तिकेत हे ठळक लिहाच.

भातखाचर: चिठ्ठीचं अगदी खरं. मी शिकलो त्या कॉलेजात खेकडे, साप, बेडूक असलेल्या दीडेकशे बाटल्या होत्या, फॉर्मलिन आटलं, चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या, मग एका सुट्टीत सगळं फेकून दिलं. साप होते की, पण कुठला, कधीचा, कोणी आणला, काहीच सांगता येईना. मला अजून वाईट वाटतं. २०१६ला दिल्लीचं निसर्ग इतिहास संग्रहालय जळलं तेव्हा त्या बाटल्याच आठवल्या. जमा करा एवढं कायदा सांगतो, पण कपाट, एसी, चिठ्ठ्या लिहिणारा माणूस यांना दरवर्षी पैसा लागतो, त्याशिवाय जमा केलेलं राहत नाही.

जुनी वही: पैशाचं मान्य. पण रिपॉझिटरीला, म्हणजे नमुने जिथे जमा करायचे त्या संस्थेला, काय लिहिताय? आगार?

माळरान: आगार म्हटलं की एसटी डेपो! 'भांडार' लिहिलंय. प्राण्यांचं आणि वनस्पतींचं सर्वेक्षण, पुण्याची विषाणू संस्था, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, असं बरंच आहे यादीत. विषाणूंचं भांडार जरा भीतीदायक वाटतं, पण चालेल.

जुनी वही: भांडारात धान्य येतं आणि जातं. इथे ठेवलेलं कायम राहायला हवं. 'जतनघर' करा. जतन हे यत्नावरून आलंय, त्यात कष्ट आहेत.

भातखाचर: जतनघर झकास! पण सरकारी कागदात कोण घेणार?

तापीकाठ: माळरान, रानपिंगळा लिहिणार असाल तर एक. आमच्याकडे पिंगळा म्हणजे पहाटे कंदील घेऊन दारी येऊन भविष्य सांगणारापण. पक्ष्यावरून माणसाला नाव पडलं का माणसावरून पक्ष्याला?

जुनी वही: पिंगळा म्हणजे पिंगट रंगाचा, आधी पक्षी.

तापीकाठ: पण तो पहाटेचा पिंगळा पक्ष्याची भाषा कळते म्हणून सांगायचा, आमच्या मावशीनं ऐकलंय. तुमच्याकडे अजून येतो का कुणी?