साइटवरचं जुनं ड्रॉइंग परत कुणी आणायचं?

सांगाडा: मी पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नोकरीला आहे. गेल्या महिन्यात आमच्या एका साइटवर चौथ्या मजल्याच्या बीमला कोअर कटर (काँक्रीटला भोक पाडायचं यंत्र) लागला. आर्किटेक्टनं टॉयलेटची डक्ट (पाइप जाण्याची मोकळी जागा) हलवली होती. आम्ही सुधारित ड्रॉइंगमध्ये, म्हणजे आर-4 मध्ये, बीम सरकवून पाठवला. सुपरवायझरच्या मोबाइलवर मात्र व्हॉट्सॲपवरचं जुनं आर-3. त्यावर सळई बांधली, स्लॅब भरला आणि प्लंबर 110 मिमीचा पाइप घेऊन आला तेव्हा डक्टच्या मधोमध बीम! त्यानं कुणाला न विचारता भोक पाडलं. खालच्या दोन सळया गेल्या.

मीटिंग झाली. ठरलं काय, तर आणखी एक चेकलिस्ट. रिसेप्शनला आयएसओ 9001 या गुणवत्ता प्रमाणपत्राची फ्रेम आहेच. ड्रॉइंग बाहेर पडताना आमच्याकडे तिघं बघतात. जुनं साइटवरून परत घेणं कुणाच्याच नावावर नाही. माझं मत: प्रत्येक प्रोजेक्टला एक माणूस नेमा, त्याच्या सहीशिवाय स्लॅब भरायचा नाही. बाकीचे निम्मे फॉर्म बंद केलेत तरी चालेल.

टी-स्क्वेअर: त्या माणसाचा पगार कोण देणार? फी चौरस फुटावर ठरते. क्लायंट प्लॅन चारदा बदलतो, फी तेवढीच. दोन कन्सल्टंटांची कोटेशनं समोर ठेवून स्वस्तातला उचलतात आणि मग गुणवत्तेच्या गप्पा. आधी तिसऱ्या बदलापासून पैसे लावा, निम्मे बदल आपोआप थांबतील. बावीस वर्षं हेच बघतोय.

फाइलवाली: आयएसओला नावं ठेवण्याआधी ते वाचा तरी. कालबाह्य कागद चुकून वापरला जाऊ नये, हे 2008 च्या आवृत्तीतच स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही फ्रेम लावलीत, पाळलं नाहीत.

साइटवरचा: सगळे ऑफिसातले दिसताय. ड्रॉइंग येतं रात्री साडेअकराला, सकाळी सातला आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या गेटवर. सहीवाले साहेब फोन उचलणार नाहीत, तोवर गाड्या उभ्या ठेवू? आम्ही काँक्रीटच्या नमुन्याचे क्यूब भरतो, 28 दिवसांनी ताकदीचा रिपोर्ट येतो. बीम भलत्या जागी आहे हे क्यूब सांगत नाही राव.

रिव्हेट: सहीवर एवढा भरवसा नको. 17 जुलै 1981, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीतले दोन पूल एकाखाली एक टांगलेले. मूळ डिझाइनमध्ये दोन्हींतून जाणारे अखंड रॉड होते. फॅब्रिकेटरनं (स्टीलचे भाग बनवणाऱ्यानं) सोयीसाठी ते तोडून खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला लटकवला. वरच्या नटवरचा भार दुप्पट! 114 माणसं गेली. आणि फॅब्रिकेटरच्या त्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता.

सांगाडा: शिक्का होता म्हणूनच जबाबदार कोण ते ठरलं आणि इंजिनिअरांची लायसन्स गेली. माझ्या साइटवर आज पाच जण एकमेकांकडे बोट दाखवतायत. @साइटवरचा, रास्त आहे. साडेअकराला ड्रॉइंग पाठवणं बंद व्हायला हवं. यात चूक आमचीच.

टी-स्क्वेअर: म्हणजे 114 माणसं गेल्यावर नाव कळलं. मला त्याआधीचं हवंय, आणि त्याला माणूस-तास लागतात. ते फुकट येत नाहीत.

फाइलवाली: मग बिल्डरला रेरा (घरखरेदीदारांसाठीचा रिअल इस्टेट कायदा) दाखवा. कलम 14(3): ताबा दिल्यापासून 5 वर्षांत स्ट्रक्चरल दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चानं. तपासणीचे पैसे मागायला याहून सोपं कारण कुठलं?

टी-स्क्वेअर: दाखवलं होतं. ‘दुसरा आर्किटेक्ट बघतो’ म्हणाला.

साइटवरचा: ते राहू द्या. त्या बीमचं काय झालं?

सांगाडा: खाली प्रॉप (टेकू) लावलेत. जॅकेटिंगचं, म्हणजे बीमला बाहेरून नवं आवरण घालून मजबूत करायचं, डिटेल मी काढलंय, काल पाठवलं.

साइटवरचा: कशावर?

सांगाडा: व्हॉट्सॲपवर.