सहीची पहिली आवृत्ती घेताना पैसे कशाचे मोजावेत?

प्रश्न (कोकणातला वाचक)

स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरी आणि कविता यांच्या पहिल्या आवृत्त्या, शक्यतो लेखकाच्या सहीसह, जमवाव्यात असा माझा विचार आहे. जुनी पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थांनी मला ‘कोसला’ची प्रत दाखवली असून ती पहिल्या आवृत्तीची आणि नेमाड्यांच्या सहीची आहे असे ते सांगतात. त्यांनी मुखपृष्ठाचे आणि सहीचे छायाचित्र पाठवले; मात्र नामपृष्ठामागच्या पानाचे, म्हणजे जिथे प्रकाशक आणि आवृत्तीची नोंद असते त्या पानाचे, छायाचित्र अजून आलेले नाही. किंमत साध्या जुन्या प्रतीच्या कितीतरी पट आहे. सहीच्या वर कोणा अनोळखी व्यक्तीला ‘सप्रेम भेट’ असे लिहिले आहे, त्यामुळे प्रतीचे मोल कमी होते का? शिवाय आमच्याकडच्या पावसाळ्यात अशी पुस्तके टिकवावीत कशी, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (गिरगावकर)

सही आणि आवृत्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आधी आवृत्तीचा सोडवावा. ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. तेव्हा प्रतीवर पॉप्युलर प्रकाशनाचे नाव असेल तर पुढे काही पाहण्याची गरजच उरत नाही. देशमुखांचे नाव असले तरी आवृत्तीची नोंद स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण आपल्याकडे साधे पुनर्मुद्रणही ‘आवृत्ती’ म्हणून मोजण्याची पद्धत आहे आणि प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक कधी कधी स्वतःच्या पहिल्या छपाईलाच ‘पहिली आवृत्ती’ म्हणून मोकळा होतो.

पत्त्याकडेही लक्ष द्यावे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याआधीच्या पुस्तकांत ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असे छोटे क्रमांक असतात. म्हणून १९६३ ची म्हणवणाऱ्या प्रतीत ४११ ने सुरू होणारा पिनकोड छापलेला दिसला तर ती नंतरची आहे, यात शंका नको. त्या काळातली पुस्तके सर्रास खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवून छापली जात. पान उजेडात तिरपे धरून मागच्या बाजूने बोट फिरवले तर अक्षरांचा किंचित दाब जाणवतो. ऑफसेटवर छापलेले पान मात्र सपाट लागते. यावरून पहिली आवृत्ती सिद्ध होत नाही, पण खोटा दावा पुष्कळदा उघडा पडतो.

वाचनालयातून बाद झालेल्या प्रती स्वस्त मिळतात खऱ्या, पण पुनर्बांधणी करताना बाइंडर कडा कापून टाकतो आणि मूळ मुखपृष्ठ बहुधा फेकून देतो. संग्राहकाच्या दृष्टीने तिथेच अर्धे पुस्तक गेले.

उत्तर २ (शाईदौत)

गिरगावकरांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. नेमाडे आपल्यात आहेत, त्यामुळे १९६३ च्या प्रतीवर गेल्या वर्षी केलेली सहीसुद्धा खरी सहीच ठरते. मग सहीसाठी विक्रेत्याला जादा पैसे का मोजावेत? बिनसहीची चांगली प्रत घ्यावी आणि एखाद्या कार्यक्रमात लेखकापुढे नम्रपणे ठेवावी.

दिवंगत लेखकांचे गणित निराळे आहे. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ १९४७ साली आला आणि २० मार्च १९५६ रोजी ते गेले, म्हणजे त्या पुस्तकावर सही व्हायला जेमतेम नऊ वर्षे मिळाली. तीही बॉलपेनची दिसली तर मी दोनदा विचार करीन, कारण ते दिवस टाक-दौतीचे आणि फाउंटन पेनाचे होते. अरुण कोलटकरांच्या बाबतीत ही मुदत याहूनही आखूड आहे. ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ २००४ साली निघाली आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला ते गेले. अशा सहीसोबत ती कोणाकडून आली याचा माग हवाच.

म्हणूनच ‘सप्रेम भेट’मुळे मोल घटते हे मला मान्य नाही. नुसती सही नक्कल करायला सोपी. नाव, तारीख, गाव आणि एखादी ओळ असली की हस्ताक्षर ताडून पाहायला भरपूर मजकूर मिळतो. ती व्यक्ती लेखकाच्या वर्तुळातली निघाली, किंवा प्रत एखाद्या समीक्षकाला ‘अभिप्रायार्थ’ दिलेली असली, तर मी उलट जास्त पैसे देईन. (विक्रेत्यांना हे अजून उमगलेले नाही, तोवर आपले फावते.) सही भिंगाखाली अवश्य पाहावी: शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरते, छापलेल्या सहीत बारीक ठिपके किंवा एकसारखी कड दिसते.

उत्तर ३ (ग्रंथपाल, निवृत्त)

पावसाळ्याबद्दल थोडक्यात सांगते. पुस्तके बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत आणि दाटीवाटीने कोंबू नयेत. कसर खळीवर आणि कागदावर जगते, म्हणून कपाट अधूनमधून रिकामे करून झटकावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. मुखपृष्ठाला लॅमिनेशन करू नये. स्वतःची नोंद करायचीच असेल तर शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने करावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. विक्रेत्यांनी आज कळवले की नामपृष्ठ आणि त्यामागचे पान प्रतीत नाहीच, आणि सही अर्धशीर्षकाच्या पानावर, म्हणजे नामपृष्ठाआधीच्या नुसते पुस्तकाचे नाव असलेल्या पानावर, आहे. अशी प्रत घ्यावी का?

गिरगावकर

घ्यायचीच असेल तर जुन्या वाचनप्रतीच्या भावात घ्यावी. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात पहिल्या आवृत्तीची प्रत पाहायला मिळाली, तर पृष्ठसंख्या, ओळींची मोडणी आणि शेवटच्या पानांवरचा मजकूर ताडून बघावा. तेवढे जुळले तरीही, पुढे ही प्रत तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा हेच पान मागणार.