शब्दचर्चा: ‘क्रिओल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: एका लेखाचे भाषांतर करताना ‘क्रिओल’ (वेगवेगळ्या भाषांच्या संपर्कातून घडून पुढे एखाद्या समाजाची मातृभाषा झालेली भाषा) हा शब्द अडला आहे. ‘मिश्रभाषा’ आणि ‘संकरभाषा’ यांपैकी कोणता पर्याय योग्य, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: माझ्या मते दोन्ही टाळून ‘क्रिओल’ हाच शब्द ठेवावा. मूळ पोर्तुगीज शब्द ‘क्रिआर’, म्हणजे पोसणे, वाढवणे, या क्रियापदाशी निगडित असून, वसाहतीतच जन्मलेल्या माणसाला तो लावला जाई. त्यात भेसळीचा अर्थ नाही. ‘मिश्र’ म्हणावे, तर पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द रोज वापरणारी मराठीही मिश्रच ठरेल. आणि ‘संकर’ म्हटले की ‘वर्णसंकरा’तला तिरस्कार त्याला चिकटतोच.

हा तिरस्कार भाषाशास्त्राच्या परिभाषेतही मुरलेला आहे, हे मिशेल देग्राफ यांनी सातत्याने दाखवून दिले. हैतीत जन्मलेले आणि अमेरिकेतील एमआयटीत भाषाशास्त्राचे प्राध्यापक झालेले देग्राफ यांनी, क्रिओल भाषा मुळातच वेगळ्या व अपुऱ्या असतात या समजुतीचा २००५ साली एका दीर्घ निबंधात सविस्तर प्रतिवाद केला. त्यांच्या मातृभाषेत, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या हैतीच्या क्रिओलमध्ये, ‘म्वें मांझे’ म्हणजे मी जेवलो, ‘म्वें ते मांझे’ म्हणजे मी जेवलो होतो आणि ‘म्वें आप मांझे’ म्हणजे मी जेवतो आहे. क्रियापद तसेच राहते आणि काळ त्याच्या आधीच्या छोट्या शब्दाने कळतो. इतक्या नेमक्या व्याकरणाला ‘मोडकी फ्रेंच’ म्हणणे हा अन्याय आहे. हैतीच्या १९८७च्या संविधानाने तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केले, तरी शाळांत फ्रेंचचाच वरचष्मा राहिला; म्हणून देग्राफ यांनी गणित व विज्ञान मुलांना त्यांच्याच भाषेत शिकता यावे यासाठी शिक्षणसाहित्य घडवण्याचे काम हाती घेतले. मला त्यांच्या कारकिर्दीतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रश्न: कोर्लईच्या बोलीलाही हेच लागू होईल का?

उत्तर: निश्चितच. रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली क्रिओल आजही बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सखोल अभ्यास केला असून, मराठीच्या सहवासात तिचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊ लागल्याचे त्यातून दिसते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. तेव्हा भाषांतरात प्रकाराचे नाव ‘क्रिओल’ ठेवावे आणि विशिष्ट भाषेचा उल्लेख असेल तेथे तिच्या भाषकांनी दिलेले नाव वापरावे: हैतीची ‘क्रेयोल’, कोर्लईची ‘नौ लिंग’.