पेटीचा दर उतरला, पावतीची बेरीज कोणी बदलायची?

माडाखाली: देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदारांसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत हिशेब लिहायचा आहे असं धरा. पेटी या क्लासात (वस्तूच्या साच्यात) डझन आणि दर, पावतीत पेट्यांची यादी आणि 'एकूण' हे फील्ड, म्हणजे साठवलेला आकडा. ५ डझनाची पेटी, डझनाला ९०० रुपये, झाले ४५००. दर ८०० केला की पेटी ४००० सांगते, पावती ४५०० वरच अडून बसते. माझं मत: 'एकूण' फील्ड उडवा, बेरीज गेटरमध्येच, म्हणजे विचारल्यावर आकडा सांगणाऱ्या मेथडमध्येच करा. साठवलंच नाही तर शिळं काय होणार?

खाजणकाठ: असहमत. गेटर खरं सांगतो, पण विचारलं तर! स्क्रीनवरच्या लेबलाला 'पुन्हा विचार' असं कोण सांगणार? प्रॉपर्टीचेंजसपोर्ट वापरा, म्हणजे बदल झाला की नोंदवलेल्या लिसनरना (ऐकणाऱ्यांना) कळवणारा जावाचा तयार क्लास. सेटरमध्ये (दर बदलणाऱ्या मेथडमध्ये) जुना दर बाजूला ठेवा, नवा फील्डात घाला, मगच फायर करा, म्हणजे बदल कळवा. आधी फायर केलंत तर पावती जुन्याच दराने बेरीज मारते. (याच कामाचा जुना ऑब्झर्वेबल क्लास नको, तो जावा ९ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे 'वापरू नका' असा शिक्का बसलेला आहे.)

माडाखाली: आणि यादीचं काय? त्याच ॲरेलिस्टमध्ये (जावातल्या यादीत) पेटी टाकून जुनी आणि नवी म्हणून तीच यादी फायरला दिलीत, तर दोन्ही समान ठरतात आणि कोणालाच काही कळवलं जात नाही. एररही नाही. शिवाय लिसनर काढायला विसरलात तर पेटी आहे तोवर पावती मेमरीतून हलत नाही.

खाजणकाठ: मग यादी कशाला देता? जुनं एकूण, नवं एकूण कळवा. लिसनर फील्डात धरून ठेवा आणि तोच काढा; काढताना नवा लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) लिहिलात तर काहीच निघत नाही. हा आपला आळस, त्याचं खापर लायब्ररीवर नको.

ओहोटी: एकूण कॅश करा (काढून साठवा), दर बदलला की फ्लॅग, म्हणजे 'हे शिळं' अशी खूण लावा. मधला मार्ग.

माडाखाली: फ्लॅग लावायला पेटीने कळवायलाच हवं ना? म्हणजे परत लिसनरच. २०० पेट्यांची बेरीज संगणकाला काय जड आहे?

ओहोटी: बरं, पण छापून दिलेल्या पावतीचं काय? ती बदलताच कामा नये. तिथे पावतीला रेकॉर्ड (ज्याची फील्डं नंतर बदलता येत नाहीत असा क्लास) करा आणि डझन-दर आकडे म्हणून उतरवून घ्या. नुसतं लिस्ट.कॉपीऑफ (यादीची नक्कल) पुरत नाही, यादी नवी झाली तरी आत पेट्या त्याच राहतात.

माडाखाली: छापलेल्यापुरतं मान्य. कच्च्या, अजून न छापलेल्या पावतीला गेटरच.

खाजणकाठ: आणि स्क्रीनवर कच्चीच असते.