'सर्वाधिक पसंतीचा देश' : कुणाच्या पसंतीचा?

अनुवादिनी : व्यापारविषयक मजकूर मराठीत आणतेय. त्यात 'मोस्ट फेवर्ड नेशन' पानोपानी आहे. वर्तमानपत्रं 'सर्वाधिक पसंतीचा देश' लिहितात, हिंदीच्या वळणाने 'परमानुग्रहीत राष्ट्र'ही वाचलंय. पण भारताने पाकिस्तानला हा दर्जा 1996 मध्ये दिला आणि तो 2019 पर्यंत होता. म्हणजे कारगिल चालू असतानाही पाकिस्तान आपल्या 'सर्वाधिक पसंतीचा'? वाचक हसेल हो!

गोदीवाला : हसू द्या, ताई. शब्दच फसवा आहे. गॅट, म्हणजे जागतिक व्यापाराचे मूळ नियम सांगणारा करार; त्याचं पहिलंच कलम म्हणतं, एखाद्या देशाला जकातीत सवलत दिलीत तर तीच बाकी सगळ्या सदस्यांनाही द्या. यात पसंती कुठे आली? 'इतरांपेक्षा कमी लेखणार नाही', एवढाच अर्थ. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं, बस्स.

खरे लाडके निराळे. त्यांच्यासाठी कलम 24 आहे: आपसातल्या जवळजवळ सगळ्या व्यापारावरची जकात काढत असाल, तर मुक्त व्यापार क्षेत्र करा, बाहेरच्यांना ती सवलत देऊ नका. विकसनशील देशांना 1979 पासून याहूनही सैल वाट आहे. दक्षिण आशियाचा 'साफ्टा' हा मुक्त व्यापाराचा करार त्याच वाटेने आला आणि 1 जानेवारी 2006 पासून लागू झाला. म्हणजे कागदोपत्री पाकिस्तान पंगतीतही होता आणि लाडक्यांतही. प्रत्यक्षात काय होतं, ते वाघा सीमेवरच्या ट्रकवाल्यांना विचारा.

गंमत पुढेच आहे. पाकिस्तानने भारताला हा दर्जा कधी दिलाच नाही. 2011 मध्ये तत्त्वतः मान्य केलं, पण उर्दूत 'पसंदीदा तरीन मुल्क' म्हटलं की तिकडच्या राजकारणात भडका. म्हणून नाव बदललं: 'भेदभावरहित बाजारप्रवेश'. तरी गाडं अडलंच. अमेरिकेनेही 1998 मध्ये आपल्या कायद्यांतून 'मोस्ट फेवर्ड' काढून 'नॉर्मल ट्रेड रिलेशन्स' घातलं. ते जास्त प्रामाणिक वाटतं मला.

खारीकखाऊ : पुलवामानंतर पाकिस्तानच्या मालावर 200 टक्के जकात लागली आणि खारीक महागली, एवढंच आमच्या घराला कळलं. पण पहिलं कलम असताना असं करता येतं? करार मोडला म्हणायचा की नाही?

गोदीवाला : कलम 21. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद. बरीच वर्षं देश म्हणत आले की आमची सुरक्षा आम्हीच ठरवणार, तुम्ही विचारू नका. एप्रिल 2019 मध्ये युक्रेन-रशिया वादात जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने सांगितलं की तसं नाही, युद्ध किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांतली आणीबाणी खरंच आहे का, हे आम्ही तपासू. त्या खटल्यात मात्र रशियाच्याच बाजूने कौल गेला.

अनुवादिनी : मग 'समान सवलतीचा दर्जा' लिहू?

गोदीवाला : अर्थाला उत्तम. पण बातम्यांत रुळलेला शब्द पहिल्यांदा कंसात द्या, नाहीतर वाचकाला वाटेल काही नवीनच आहे. 'परमानुग्रहीत' नको, त्याला प्रसादाचा वास येतो.

खारीकखाऊ : आणि 'रूल्स ऑफ ओरिजिन'ला? 'उगमाचे नियम' म्हटलं की गोदावरी आठवते.

गोदीवाला : 'मूळ देशाचे नियम' लिहा. माल कुठून जहाजात चढला हे विचारायचं नसतं, पिकला किंवा बनला कुठे हे विचारायचं असतं. 2 मे 2025 पासून पाकिस्तानी माल थेट किंवा आडमार्गाने आणायला पूर्ण बंदी आहे. त्यानंतर न्हावा शेवाला दुबईमार्गे आलेली पाकिस्तानी खारीक पकडली गेली. कागदावर मूळ देश अमिरात! आणि अमिरातीशी आपला सवलतीचा करार 2022 पासून आहे, म्हणून तर तिथला शिक्का एवढा हवाहवासा. 'उगम' लिहिलंत तर दुबईचं बंदरही उगम वाटू शकतं. 'मूळ देश' म्हटलं की खजुराच्या झाडापर्यंत जावंच लागतं.