गाडीत ट्रेलर-ब्रेक कंट्रोलरची वायर नेमकी कुठे शोधावी?

करलीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझी अठरा फुटी फायबरची होडी आहे. तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना खाडीत फिरवण्यासाठी मी ती वापरतो, मे महिन्याच्या अखेरीस ट्रेलरवर चढवून देवगडजवळ मामांच्या आवारात नेऊन ठेवतो आणि नारळी पौर्णिमा झाली की परत आणतो. होडी, इंजिन, टाकी आणि ट्रेलर मिळून वजनकाट्यावर १,४२० किलो भरले. आजवर ट्रेलरला ब्रेक नव्हते. गेल्या वर्षी आचऱ्याच्या पुढे एका उतारावर अचानक गुरे आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि ट्रेलरने मागून असा रेटा दिला की गाडीचा मागचा भाग हातभर डावीकडे सरकला. गुरे वाचली, मीही वाचलो, पण ब्रेकशिवाय ट्रेलर ओढायचा नाही हे त्याच दिवशी ठरवले.

मेहुणे अमेरिकेहून आले तेव्हा त्यांनी दहा इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकची एक जोडी आणि गाडीत बसवायचा कंट्रोलर (पेडल दाबले की ट्रेलरच्या ब्रेककडे वीज सोडणारा) आणला. ब्रेक ट्रेलरच्या एकुलत्या एका धुरीवर (अ‍ॅक्सलवर) बसवून झाले आहेत. कंट्रोलरला पांढरी, काळी, तांबडी आणि निळी अशा चार वायरी आहेत आणि त्याच्या पुस्तिकेत लिहिले आहे की, डॅशबोर्डाखाली गाडीचा तयार प्लग शोधून त्यात जोडणी करावी. माझी गाडी इथेच घेतलेली सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. स्टिअरिंगखालचे कव्हर काढले तेव्हा दोन रिकामे प्लग दिसले. एक पांढरा, चार खणांचा; दुसरा काळ्या टेपने हार्नेसलाच (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) गुंडाळून ठेवलेला, आणि त्यात एक निळी वायर आहे. बाजारातल्या वायरमनचे म्हणणे असे की निळीला निळी जोडली की काम झाले. मागे हूक बसवताना लावून घेतलेल्या सात पिनांच्या सॉकेटमध्येही एक निळी वायर आहेच. हाच तो प्लग असेल का? नसेल, तर ही वायर गाडीत नेमकी कुठे शोधावी?

जुना वायरमन यांचे उत्तर

कृपया ते काम आज थांबवा. तुम्ही शोधता आहात तो प्लग तुमच्या गाडीत बहुधा नाहीच. अमेरिकेत अशा गाड्या ओढकामाच्या पॅकेजसह विकल्या जातात आणि त्या पॅकेजचा भाग म्हणून कारखान्यातच बॅटरीपासून, ब्रेकच्या स्विचपासून आणि मागच्या सॉकेटपासून वायरी ओढून डॅशबोर्डाखाली आणून ठेवलेल्या असतात. आपल्याकडच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीत तसे कोणी करत नाही. तुम्हाला दिसलेले रिकामे प्लग वरच्या मॉडेलमधल्या एखाद्या सोयीसाठीचे असण्याचीच शक्यता जास्त, कारण कंपन्या एकच हार्नेस अनेक मॉडेलांत घालतात आणि खालच्या मॉडेलात नको असलेली टोके टेपने बांधून ठेवतात.

रंगावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. कंट्रोलरच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत: पांढरी अर्थची, काळी बॅटरीच्या १२ व्होल्टची, तांबडी ब्रेक पेडलच्या खुणेची (पेडल दाबले हे कंट्रोलरला कळवणारी) आणि निळी ट्रेलरच्या ब्रेककडे जाणारी. पण हे झाले कंट्रोलरचे. गाडीच्या हार्नेसमध्ये तेच रंग वेगळ्याच कामांना वापरलेले असतात. मागच्या सॉकेटचे पाहा. पिना गोल असतील, तर ते युरोपीय पद्धतीचे सॉकेट असणार आणि त्या पद्धतीत निळी वायर मागच्या धुक्याच्या दिव्याची असते. अमेरिकी सात खणांच्या सॉकेटला गोल पिना नसून चपटी पाती असतात आणि तिथे निळी म्हणजे ब्रेक. तुमच्या वायरमनने निळीला निळी जोडली असती, तर पेडल दाबल्यावर कंट्रोलरने आपला प्रवाह धुक्याच्या दिव्याच्या सर्किटमध्ये ढकलला असता आणि ट्रेलरचे ब्रेक मात्र लागले नसते.

तेव्हा शोधायची वायर एकच आहे, आणि ती म्हणजे पेडलची खूण. बाकीच्या तीन तुम्हालाच नव्याने ओढाव्या लागतील. ब्रेक पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाशी, कंसात बसवलेला एक लहान स्विच असतो. आडवे पडून, तोंडात टॉर्च धरूनच तो दिसतो. त्याला दोन वायरी असतील तर एकीत कायम १२ व्होल्ट असतो आणि दुसरीत पेडल दाबल्यावरच येतो. अलीकडच्या गाड्यांत मात्र बहुतेकदा चार वायरी आढळतात, कारण इंजिनाचा कॉम्प्युटर दोन उलटसुलट खुणा ताडून पाहतो: पेडल दाबले की एक जोडी जुळते आणि दुसरी तुटते. तुम्हाला हवी आहे ती वायर पेडल सोडलेले असताना शून्य आणि दाबल्यावर पूर्ण १२ व्होल्ट दाखवणारी. शोधासाठी मल्टिमीटर वापरा. बल्बचा टेस्ट लॅम्प जास्त प्रवाह ओढतो आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटवर तो लावणे म्हणजे नसती कटकट. त्याच भागात पिवळ्या आवरणातली वायर किंवा पिवळा प्लग दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो.

मोजमाप झाल्यावर, प्रत्यक्ष जोडणीपूर्वी, बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून ठेवा. काळी वायर थेट बॅटरीपासून आणा आणि बॅटरीच्या वीतभर अंतरातच २० अँपिअरचा आपोआप पूर्ववत होणारा सर्किट ब्रेकर घाला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर नेताना आधीपासून असलेल्या रबरी ग्रोमेटमधूनच न्या; पत्र्याला नवे भोक पाडून उघड्या कडेवरून वायर नेली, तर गाडीच्या थरथरीने तिचे आवरण वर्षभरात कापले जाते.

मस्कतरिटर्न यांचे उत्तर

मी मस्कतला सतरा वर्षे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होतो आणि तिथे अमेरिकी मोठ्या एसयूव्ही पुष्कळ येत. वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत आहे. आपल्याकडे कोणी बाहेरून आणलेली गाडी वापरत असेल, तर त्याच्यासाठी एवढेच लिहितो की, त्या गाड्यांत हा प्लग बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, पार्किंग ब्रेकच्या पेडलजवळ हार्नेसला टेपने बांधलेला सापडतो. काही जुन्या गाड्यांत सगळी जोडणी करूनही कंट्रोलर जिवंत होत नसे. तेव्हा बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्सजवळ एक जाड तांबडी वायर तोंड बांधून सैल सोडलेली असे आणि ती जवळच्या बोल्टवर आवळल्याशिवाय केबिनमधल्या प्लगला वीजच मिळत नसे. एका गाडीवर मी यात अख्खा दिवस घालवला आहे.

आणखी एक. अमेरिकी पुस्तिकांत बजावलेले असते की, तांबडी वायर मागच्या दिव्यापासून घेऊ नका. तिथे अनेक गाड्यांत ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच असतो, त्यामुळे हॅझर्ड लावला की ट्रेलरचे ब्रेकही धडधडतात. आपल्याकडे वळणाचा दिवा पिवळा आणि वेगळा असतो, म्हणून ती अडचण इथे येत नाही. तरीही मी पेडलपासूनच घेईन, कारण एलईडी दिव्यांना काही गाड्यांत सलग वीज न देता तुकड्यातुकड्याने दिली जाते आणि कंट्रोलर त्याने गोंधळतो.

करलीकाठ

दोघांचेही आभार. काल दुपारी मीटर घेऊन बसलो. पेडलच्या स्विचला चार वायरी निघाल्या. पेडल सोडलेले असताना दोन वायरींवर १२.४ व्होल्ट, तिसरीवर इग्निशन चालू केल्यावर १२.३ आणि चौथीवर शून्य. दाबल्यावर तिसरी शून्यावर आली आणि चौथीवर १२.३ आले. म्हणजे चौथी माझी, असेच ना? तिचा रंग हिरवा आहे आणि त्यावर पांढरी रेघ आहे. तांबड्याचा मागमूसही नाही. मागच्या सॉकेटच्या पिना गोल आहेत आणि निळीचे दुसरे टोक खरोखरच मागच्या धुक्याच्या दिव्याकडे जाते.

आता निळी वायर मागेपर्यंत किती जाडीची घ्यावी? दुकानदार १ चौरस मिलिमीटरची पुरेल म्हणतो.

जुना वायरमन

होय, चौथीच. तिला मध्येच चावा घेणारे ते निळे प्लास्टिकचे क्लिप लावू नका; वायरीचे आवरण बोटभर सोलून, गुंडाळून, डाग देऊन वर आकसणारी नळी बसवा.

जाडीचा हिशेब करूनच पाहा. दहा इंची ब्रेकमधल्या, वीज आली की ब्रेक लावणाऱ्या एका चुंबकाचा रोध साधारण ३.२ ओहम असतो, म्हणजे १२ व्होल्टवर एक चुंबक पावणेचार अँपिअर घेतो आणि तुमचे दोन मिळून साडेसात. कंट्रोलरपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंत वायर सहज १२ मीटर होते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्या अंतरावर दीड व्होल्ट वाटेतच जातो आणि परतीच्या वायरीत तितकाच पुन्हा, म्हणजे चाकाशी जेमतेम नऊ उरतात. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्टाच्या आसपास जातो. परतीची पांढरी वायरही तितकीच जाड आणि स्वतंत्र हवी. हूकच्या गोळ्यातून अर्थ मिळतो या भरवशावर राहू नका, त्या गोळ्याला आपण ग्रीस फासतो.

मागच्या सॉकेटमधली धुक्याच्या दिव्याची वायर आहे तिथेच राहू द्या आणि ब्रेकसाठी दोन जाड पिनांचे वेगळे, झाकणाचे सॉकेट शेजारी लावा.

रापणकार यांचे उत्तर

सर्वांनी वायरीबद्दल लिहिले ते योग्यच आहे, पण मूळ प्रश्नातल्या एका शब्दाकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. हा ट्रेलर होडीचा आहे. तो वर्षातून दोनदा तरी चाके बुडेपर्यंत खाऱ्या पाण्यात जाणार.

इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक घरासारख्या कॅराव्हॅनला किंवा मालाच्या ट्रेलरला उत्तम, परंतु समुद्रात त्यांचा टिकाव लागत नाही. ड्रममध्ये चुंबक, त्याला हलवणारा लोखंडी हात, स्प्रिंगा आणि पट्टे असे सगळेच उघडे असते. उतारावरून आलेले गरम चाक थंड पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचून घेते. मी स्वतः हा प्रयोग पैसे मोजून केला आहे. जूनमध्ये ठेवलेला ट्रेलर भाद्रपदात काढायला गेलो, तर डावे चाक फिरेना. ड्रम हातोडीने सैल करून उतरवला तेव्हा आत चुंबकाच्या तोंडावर तांबूस खपली धरली होती आणि वायर सोलली तर तांबे काळे पडलेले. एक वीत कापली, तरी काळेच. आणखी एक वीत कापली, तेव्हा कुठे आत तांबूस रंग दिसला. खारे पाणी वायरीच्या आवरणाच्या आतून असे वर चढत जाते. वापरायचीच असेल तर कल्हई केलेल्या तांब्याची, होड्यांसाठी मिळते ती वायर घ्या.

होडीच्या ट्रेलरला सहसा रेट्यावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक लावतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने हूकपाशी असलेला दट्ट्या दाबला जातो आणि तेलाच्या दाबाने चाकांचे ब्रेक लागतात. केबिनमध्ये वायर नाही, कंट्रोलर नाही. युरोपात ७५० किलोंच्या वरचे आणि ३,५०० किलोंपर्यंतचे ट्रेलर सर्रास याच तत्त्वावर चालतात, फक्त तिथे तेलाऐवजी बहुधा दांडा आणि केबल असते. दोष दोन आहेत. मागे घेताना तोच रेटा ब्रेक लावतो, म्हणून कुलूप किंवा रिव्हर्सच्या दिव्यावर चालणारा व्हॉल्व्ह लागतो. धक्क्याच्या चढावर ट्रेलर मागे ढकलताना ते विसरलात तर क्लच जळल्याचा वास येईल. आणि लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत राहिल्याने ब्रेक तापतात, तेव्हा गिअर खालचाच ठेवावा लागतो.

करलीकाठ

रापणकार, हे वाचून झोप उडाली. ब्रेक बसवले आहेत, पण ट्रेलर अजून पाण्यात गेलेला नाही. कंट्रोलर आता फुकट गेला असे समजायचे का?

रापणकार

तसे नाही. तिसरा मार्ग आहे, फक्त खर्चिक आहे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या वर, एक विजेवर चालणारा हायड्रॉलिक पंप बसवतात. कंट्रोलरची निळी वायर त्या पंपाला खूण देते आणि पंप चाकांच्या डिस्क ब्रेकना तेलाचा दाब देतो. मागे घेताना ब्रेक लागत नाहीत आणि विजेचे सगळे भाग कोरडे राहतात. मात्र तुमचा कंट्रोलर अशा पंपाला चालतो का हे त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्या. काही कंट्रोलरना त्यासाठी वेगळी सेटिंग असते, काहींना नसतेच. खर्च झेपणार नसेल, तर रेट्याचे ब्रेक घ्या आणि कंट्रोलर विकून टाका.

मस्कतरिटर्न

कोणताही मार्ग घ्या, सुटका-स्विच विसरू नका. ट्रेलर हूकपासून निसटला तर गाडीला बांधलेली दोरी पिन खेचते आणि ट्रेलरवरच्या स्वतंत्र बॅटरीने ब्रेक लागतात. दोरी हूकला नव्हे, गाडीच्या चासिसला बांधा. रेट्याच्या ब्रेकला हेच काम केबलने होते.

कागदांचेही पाहा. ट्रेलरची नोंदणी आरटीओकडे स्वतंत्र करावी लागते आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी ओढण्याच्या वजनाचे दोन वेगळे आकडे असतील, तर १,४२० किलो कुठे बसतात ते पाहा.

करलीकाठ

पुस्तिका पाहिली. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलो लिहिले आहे, म्हणजे इतकी वर्षे मी जवळजवळ दुप्पट ओढत होतो. मामांना फोन करून सांगितले की, यंदा होडी तारकर्लीलाच माडांच्या बागेत ताडपत्रीखाली राहील. ड्रम ब्रेक पाण्यात जाण्याआधीच उतरवून घेतो आणि रेट्याच्या ब्रेकची चौकशी करतो. हिरव्या-पांढऱ्या वायरीवर चिकटपट्टी लावून 'ब्रेक पेडल' असे लिहून कव्हर पुन्हा बसवले आहे. कंट्रोलर कोणाला हवा असल्यास निरोप पाठवावा. मालाच्या ट्रेलरवर वापरणार असाल तरच देईन.