'छान'च्या पुढं काय लिहायचं? लातूरच्या आमच्या सोसायटीच्या लेखन कट्टा ग्रुपवरची चर्चा

बी-३०२ ताई:
नमस्कार सगळ्यांना. मेसेज मोठा आहे, जेवणं झाल्यावर वाचा पण वाचा. दिवाळी अंकासाठी लोकांनी एवढं मनापासून लिहून ग्रुपवर टाकलंय अन् खाली आपण काय लिहिलंय ते जरा वर जाऊन बघा. "छान", "खूप छान", "मस्तच", हात जोडलेले, फुलं. ए-४०४ च्या काकूंनी किल्लारीच्या भूकंपाची आठवण लिहिली, त्याच्याखाली पण "छान". भूकंपाच्या आठवणीला छान? आणि दुसरीकडं सी-२०१ च्या दादाची लातूरच्या पाणीटंचाईवरची कथा आली तर तिच्यातल्या सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची यादी करून ग्रुपवर टाकली, तेव्हापासून ते पोरगं एक शब्द बोललं नाही. मला दोन्हीचा त्रास व्हायलाय. लिहिणाऱ्याला आपल्याकडून काहीच मिळंना अशी गत आहे. एकाला कळत नाही की लोकांनी वाचलं का नाही, दुसऱ्याला वाटतं आपल्याला लिहिताच येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचताना तुम्हाला जे झालं ते सांगा. कुठं थांबलात, कुठं मागं जाऊन परत वाचावं लागलं, कुठं कंटाळा आला, कुठं डोळ्यात पाणी आलं. ती ओळ कॉपी करा अन् खाली दोन वाक्य लिहा. दुरुस्ती काय करायची ते लिहिणाऱ्याचं तो बघेल.

ए-१०२ सर:
नमस्कार. यादी मी टाकली होती, म्हणून उत्तर देतो. आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत. चूक दिसली की दाखवायची, त्यात द्वेष नसतो. अंक छापला जाणार आहे, त्यावर सोसायटीचे नाव असेल. "पाणि" आणि "आणी" असे छापून आले तर वाचणारे काय म्हणतील? शिवाय त्या कथेत "काय करायलास", "कुठं जायलाव" अशी वाक्ये आहेत. प्रमाण मराठीत "काय करत आहेस" असे हवे.

बी-३०२ ताई:
सर, आधी तुमच्या बाजूनं बोलते. एवढ्या बारकाईनं अख्खी कथा वाचणारे तुम्ही एकटे निघालात, बाकीच्यांनी अंगठा दाखवून सोडलं. ते काम अंकाला लागणारच आहे, पण शेवटी लागणार आहे. कथा अजून पहिला खर्डा आहे, त्यातला अर्धा भाग दादा काढून टाकील नाहीतर नवीन लिहील, मग ज्या परिच्छेदाचंच काही खरं नाही त्याच्यातली वेलांटी आज नीट करून काय मिळणार? आणि लिहिणाऱ्याचा जीव त्या वेलांटीतच अडकून बसतो, कथा कशी झाली हे विचारायचं राहूनच जातं. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्याला, तेही पर्सनलवर, सगळ्यांसमोर नको.

बोलीचं मात्र मला पटलं नाही. निवेदनातलं "पाणि" चूकच, मान्य. पण "काय करायलास" हे त्या कथेतली आजी बोलायलीय, लेखक नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारनं मान्य केले १९६२ ला, १४ होते, मग १९७२ ला अजून ४ आले, असे १८. त्या नियमांत सुद्धा पात्राच्या तोंडी बोलतो तसं लिहायला मुभा दिलेली आहे. लातूरच्या गल्लीतली आजी "काय करत आहेस" म्हणाली तर मी तिथंच पुस्तक मिटीन.

ए-१०२ सर:
संवादापुरते मान्य. निवेदनातल्या चुका शेवटी मी पाहीन.

सी-३०३:
ताई एक विचारू का, राग मानू नका. इथं कोणाला पुस्तक काढायचंय? हौस म्हणून लिहायलेत लोक. ऑफिसातून दमून आल्यावर कोण कोणाच्या कथेची चिरफाड करत बसणार, छान म्हणलं तर समोरचा खूश होतो अन् आपलं काय जातंय

बी-३०२ ताई:
राग कशाचा, बरं झालं विचारलंत, बऱ्याच जणांच्या मनात हेच असणार. हौसेनं लिहिणाऱ्याला वाचणारं माणूसच तर पाहिजे असतं, पैसे तर कोणी देत नाही. आणि "छान" लिहायला वाचावंच लागत नाही हे लिहिणाऱ्याला बरोबर कळतं. कथा टाकून दहा सेकंद झाले नाहीत तर छान आलेलं असतं. आवडलं ना, मग काय आवडलं तेवढं लिहा. हे कौतुक म्हणून नाही सांगत, कामाचं म्हणून सांगायलेय. दुसरा खर्डा करताना माणूस काटछाट करतो आणि नेमकी तीच ओळ काढून टाकतो जी सगळ्यांना आवडली होती, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. चिरफाड करा असं मी म्हणलेलंच नाही. दोन वाक्य लिहायला चहाच्या कपाएवढा पण वेळ लागत नाही.

बी-१०३ काका:
आमच्या तेरची गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. गोरोबाकाकांनी थापटी घेऊन सगळ्या संतांच्या डोक्यावर मारून बघितलं अन् नामदेव कच्चं मडकं निघालं. खरं बोलणारा माणूस लागतोच की ग्रुपला. सर काय चुकीचं करायले नव्हते

बी-३०२ ताई:
काका, गोष्ट पुढं सांगा ना. सगळ्यांसमोर कच्चा म्हणलं तेव्हा नामदेव रुसून उठून गेले. पुढं औंढ्याला गुरू विसोबा खेचर भेटले तेव्हा काम झालं, ते दोघंच होते तिथं, देवळात. थापटीनं कळलं एवढंच की मडकं कच्चं आहे, कुठल्या बाजूनं कच्चं आहे अन् काय करायचं हे थापटी सांगत नाही. मी तेवढंच मागायलेय, बाजू दाखवा.

ए-३०१ मावशी:
मी दाखवू का मग. दादाच्या कथेत दुसऱ्या पानावर ती घागरवाली पोरगी आली ती कोण मला कळंना. बहीण का शेजारीण. मी वर जाऊन परत बघितलं तरी सापडंना. अन् तो रांगेत हुभं राहून आजीच्या पायाकडं बघतो, चपला उलट्या घातलेल्या असतात, ते वाचून मी फोन खाली ठेवला. मी पण तवा तशीच पळाले होते टँकरचा आवाज आला की

बी-३०२ ताई:
मावशी हे, हेच पाहिजे होतं. बघा सगळे. एक जागा अडली ती सांगितली, एक जागा लागली ती सांगितली, आणि "पोरगी काढून टाक" किंवा "तिला बहीण कर" असलं काही सांगितलं नाही. वाचणारा अडला तर तिथं काहीतरी आहे हे नक्की, त्यात तो चुकत नाही. पण उपाय सांगायला गेला की तो स्वतःची कथा लिहायला लागतो. आता अजून कोणी त्याच जागेवर अडलं असलं तर हात वर करा, एकटी मावशी अडली तर दादानं विचार करून ठरवावं, तिघंचौघं अडले तर मग बदलायलाच पाहिजे.

सी-३०३:
मी पण अडलो होतो तिथं खरं तर. मला वाटलं माझंच लक्ष नव्हतं

ए-४०१:
मी पण

सी-२०१ दादा:
नमस्कार. ती पोरगी शेजारच्या वाड्यातली आहे, ते माझ्या डोक्यात होतं म्हणजे असं की पहिल्या पानावर तो दरवाजा वाजवतो ना तो तिच्याच घराचा आहे आणि नंतर शेवटी ती जी घागर देते त्यासाठी ते मुद्दाम नाही सांगितलं म्हणजे सस्पेन्स

बी-३०२ ताई:
दादा, थांब. समजावून सांगू नको. हे तू आम्हाला इथं सांगशील पण अंक हातात घेतलेल्या माणसाच्या घरी जाऊन कसं सांगणार? जे समजावावं लागायलंय ते कथेत यायला पाहिजे, नाहीतर सोडून द्यायला पाहिजे. मावशीला फक्त "बरं" म्हण, लिहून ठेव, अन् आज रात्री काही बदलू नको. ऐकल्या ऐकल्या बदललं की माणूस सगळ्यांचं ऐकत बसतो, मग कथा कोणाचीच राहत नाही. उद्या डोकं थंड झाल्यावर बघ.

सी-२०१ दादा:
बरं ताई. बरं मावशी

बी-१०३ काका:
बाळा माझी पण एक जागा आहे. त्या उन्हाळ्यात मी इथंच होतो. पाण्याची गाडी तू पंढरपूरहून आणलीस अन् पहिल्याच दिवशी ५० वाघिणी, म्हणजे पाण्याचे डबे, लावल्यास. गाडी मिरजेहून यायची. एप्रिल २०१६. पहिल्या खेपेला १० च वाघिणी होत्या, सगळं मिळून ५ लाख लिटरच्या आसपास पाणी. ५० वाघिणींची मोठी गाडी नंतर सुरू झाली, ती २५ लाख लिटरची. अन् त्याच्या आधी मार्चमधेच पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं, भांडणं होऊ नयेत म्हणून, ते तर तुझ्या कथेत कुठंच नाही

सी-२०१ दादा:
काका पण ही कथा आहे ना, फिक्शनमधे एवढं चालतं की

बी-३०२ ताई:
ह्याच्यावर मी बोलते कारण हे वेगळं आहे. वर मावशीनं सांगितलं ते तिला काय वाटलं ते, त्यात तुझा निर्णय शेवटचा. काकांनी सांगितली ती माहिती आहे, त्यात वाटण्याचा प्रश्न नाही. तू गावाचं नाव बदललं असतंस, गाडीचं नाव बदललं असतंस तर गोष्ट वेगळी. पण तू लातूर लिहिलंस, जलदूत लिहिलंस, आणि अंक वाचणार कोण तर लातूरची माणसं, ज्यांनी घागरी घेऊन तो उन्हाळा काढला. "पंढरपूर" वाचल्यावर ती पुढचं काहीच खरं धरणार नाहीत, तुझ्या आजीच्या चपला सुद्धा. आणि खरं सांगू का, १० वाघिणी ५० पेक्षा लई भारी आहेत. अख्खं शहर तहानलेलं आणि पहिली गाडी येते ती १० डब्यांची. एवढ्यावर तू एक पान लिहू शकतोस. हे माझं मत झालं, घ्यायचं तर घे. मिरज मात्र घ्यावंच लागंल.

सी-२०१ दादा:
१० वाघिणींचं मला माहीतच नव्हतं, मी तेव्हा तिसरीत होतो. काका तुम्हाला फोन केला तर चालंल का, रांगेचं अजून विचारायचं होतं, टोकन वगैरे

बी-१०३ काका:
संध्याकाळी ये घरी. फोनवर काय सांगणार

ए-२०३:
काकूंच्या किल्लारीच्या लेखावर मी "अजून थोडं इमोशनल करा, शेवटी सासऱ्यांचं काय झालं ते पण टाका" असं लिहिलं होतं. ते चुकीचं ठरतं का मग? मला खरंच जाणून घ्यायचं होतं

बी-३०२ ताई:
जाणून घ्यावंसं वाटलं हे सांगणं चुकीचं नाही, उलट लेख तुम्हाला आत घेऊन गेला म्हणूनच वाटलं. पण "इमोशनल करा" मला नाही चालणार. आपण कोणाच्या आठवणीत काय टाकायचं हे सांगणारे कोण? कथेतला माणूस मारा, जगवा, लेखकाच्या हातात आहे. आठवणीतली माणसं खरी होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, तेच अंगावर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. काकूंनी ह्यातला एकही आकडा लिहिला नाही, फक्त माळवदाचं लाकूड मोडतानाचा आवाज लिहिला अन् नंतर सगळीकडं कुत्री का भुंकंनात असं वाटल्याचं लिहिलं. मी तिथं थांबले. बराच वेळ पुढं गेले नाही. असल्या लेखावर शंका असेल, प्रश्न असेल तर आधी काकूंना पर्सनलवर विचारावं, सांगण्यासारखं आहे का म्हणून.

ए-४०४ काकू:
मी वाचायलेय सगळं. सासऱ्यांचं मी मुद्दाम सोडलंय. ते मी लिहिणार नाही. ए-२०३ च्या बाईंनी विचारलं त्याचा राग नाही, कोणीतरी शेवटपर्यंत वाचलं असं वाटलं. मला दुसरं एक सांगा, माळवद म्हणजे काय हे आताच्या लेकरांना कळंल का? माझी नात पुण्यात आहे तिला कळलं नाही.

ए-४०१:
मला कळलं नव्हतं काकू. गुगल केलं

सी-३०३:
मला माहीत होतं, आमच्या गावाकडं अजून एक आहे. पण छत एवढं जड असतं हे माहीत नव्हतं. ते कळलं असतं तर तो आवाज अजून लागला असता मनाला

ए-४०४ काकू:
मग वर कुठंतरी पावसाळ्याच्या आधी माळवदावर माती टाकायचो ते लिहिते. दरवर्षी टाकायचो. पाट्या पाट्या माती, आम्हीच वर चढवायचो.

बी-३०२ ताई:
काकू, लिहा. कंसात अर्थ देऊ नका, हेच लिहा.

आता कामाचं. इथून पुढं कोणी काही टाकलं तर वरती एका ओळीत लिहा की तुम्हाला काय पाहिजे. "पहिला खर्डा, कळतंय का तेवढं सांगा" नाहीतर "शेवटचा आहे, शुद्धलेखन बघा" नाहीतर "फक्त वाचा, आज काही सांगू नका". हे तिसरं पण चालतं, प्रत्येक वेळी माणसाची ऐकायची तयारी नसते. आणि खर्ड्याला नंबर द्या, व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटंच एडिट होतो, नंतर कोण जुनं वाचायलंय कोण नवीन काही कळत नाही. वाचून झालं अन् सांगण्यासारखं काही सुचलंच नाही तरी "पूर्ण वाचलं" एवढं लिहा, निळ्या टिका बघून गप्प बसलेल्या माणसांचा विचार करत लिहिणारा रात्रभर जागतो. अजून एक करता आलं तर करा, घरातल्या कोणालातरी तुमचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावा, तुम्ही नुसतं ऐका. वाचणारा जिथं अडखळतो तिथं वाक्य मोडलेलं असतं, त्याला काही विचारायची गरज पडत नाही.

ए-१०२ सर:
२०१ च्या मुला, दुसरा खर्डा झाला की मला पाठव. शुद्धलेखन आत्ता पाहणार नाही. ती मुलगी कोण हे मला कोणत्या ओळीला कळले ते सांगतो.

सी-२०१ दादा:
हो सर. काकांकडं जाऊन आल्यावर लिहितो, रविवारपर्यंत होईल. वर "खर्डा २" लिहीन

ए-३०१ मावशी:
मला पीडीएफ नको रे, उघडत नाही माझ्याकडं. इथंच मेसेजमधी टाक